भुवईला शास्त्र नाही

बाईने अंगठा जिभेला लावला आणि कमळीच्या डाव्या भुवईवरून नाकाकडून कानाकडे एकदाच दाबून फिरवला. भुवई निघाली. अर्धी बाईच्या अंगठ्यावर आली, अर्धी कमळीच्या कानशिलावर फासली गेली.

बाईने अंगठा वर धरला. आधी आपल्या नवऱ्याला दाखवला, मग दिराला, मग माझ्या बापाला.

"ही बघा तुमची पोर," ती म्हणाली. "माझ्या अंगठ्याला लागली."

कमळी माझी थोरली बहीण. सतरा वर्षांची होती. तिला बघायला पोयनाडच्या बाजूची माणसं आली होती, ती बाई म्हणजे मुलाची आई. कमळी ओटीवर पाटावर बसली होती, आईचं हिरवं लुगडं नेसून. उजवी भुवई जागेवर होती, काळीभोर, रेखलेली. डावीच्या जागी नुसतं खड्डे पडलेलं कातडं. अर्धं तोंड नवरीचं आणि अर्धं आजाऱ्याचं. बापाने हातातलं पानाचं तबक खाली ठेवलं. आई माजघराच्या दारात उभी होती, ती आत सरकली. मी अकरा वर्षांची, खांबाला धरून उभी.

तेवढ्यात परसाकडून सगुणा कासारीण आत आली. ती विधवा. मुलगी बघायच्या वेळी विधवेने समोर यायचं नाही हे तिला कोणी सांगायला नको होतं. तरी ती माजघरातून सरळ ओटीवर आली, पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि कमळीची उजवी भुवईही पुसून टाकली. मग हनुवटीला धरून तिचं तोंड त्या माणसांकडे फिरवलं.

"आता नीट बघा," ती म्हणाली. "देवीतून उठलेली पोर हाय. भुवया देवीनं नेल्या. रंगवल्या त्या मी. पोरीनं न्हाय, तिच्या आईनं न्हाय. फसवलं म्हनायचं तर मला म्हना."

"तुला कोणी बोलावलं मधे?" बाई म्हणाली.

"कोनी न्हाय," सगुणा म्हणाली. ती बाईकडे बघत राहिली. बाईनेच नजर काढली.

पाहुणे पाणीही न पिता उठले. ते वेशीपर्यंत गेले असतील नसतील, तोच बापाने सगुणाला सांगितलं, "माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं न्हाय." तिने पायरीजवळची आपली टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि निघाली.

त्या दिवशी सगुणा खोटं बोलली होती. कमळीच्या त्या दिवशीच्या भुवया तिने रंगवल्या नव्हत्या. हे ओटीवर तिला माहीत होतं, कमळीला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि मला माहीत होतं. चौघींपैकी कोणीच तोंड उघडलं नाही. आता मी उघडते आहे. मी चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा नव्हती. जसं आठवतं तसं लिहिते.

आमचं गाव अलिबागहून रेवसला जाणाऱ्या वाटेवर, खाडीच्या अंगाला. भातशेती, आणि खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. गावात बायकांना लागणारी एकही वस्तू विकत मिळत नव्हती. ती सगुणा आणायची. चौलहून निघून वाटेतली गावं करत महिन्यातून एकदा आमच्याकडे पोचायची. डोक्यावर बांगड्यांची टोपली, काखेत पत्र्याची पेटी. पेटीत फण्या, कुंकू, मेण, केसांचे आकडे, दोऱ्याची रिळं आणि तीन डब्या.

उंच, वाळकी, चालताना जरा पुढे झुकलेली. गडद लुगडं, कपाळ मोकळं. हातभर बांगड्या विकणारी, पण स्वतःचे हात मोकळे. दुसऱ्यांच्या भुवया कोरणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या भुवया मात्र रानासारख्या वाढलेल्या, नाकावर एकमेकींना मिळालेल्या. एकदा एकीने विचारलंच, "मावशी, तू तुझ्या का न्हाय गो कोरत?"

"माझ्याकडं बघतंय कोन? आन् कोन बघाया लागलाच, तर आधी काठी घेईन, मग दोरा."

नवरा लवकर गेला. मूल नाही. सासरचा धंदा बांगड्यांचा, पण लग्नाचा चुडा भरायला सवाष्ण कासारीण लागते. तेव्हा लग्नघरं, डोहाळजेवणं, संक्रांत सगळं जावेकडे गेलं. हिच्या वाट्याला रोजच्या फुटक्यातुटक्या बांगड्या आल्या. त्यावर तिने रडगाणं गायलेलं मी ऐकलं नाही. ती मुरूडला गेली. तिथे मुसलमान घरांतून नवऱ्या सजवणारी एक म्हातारी होती. सगुणा तिच्याजवळ तीन दिवस नुसती बघत बसली आणि घरी येऊन दोऱ्याने स्वतःच्या पोटरीवरचे केस काढून शिकली. पोटरी सुजली तेव्हा दुसरी पोटरी घेतली.

"बांगडीला शास्त्र हाय," ती म्हणायची, "कुंकवाला शास्त्र हाय, मंगळसूत्राला हाय. भुवईला कोनी शास्त्र लावलं न्हाय. म्हनून ती माझ्या वाट्याला आली."

भुवया कोरायच्या म्हणजे त्या काळी नाटकातल्या बायकांचं काम. घरंदाज बाईने कोरल्या असं कोणी म्हणायचं नाही. आणि तरी सगळ्या कोरायच्या. गोठ्यात, भाताच्या पेंढ्यांच्या उडवीमागे, विहिरीच्या पलीकडे. सगुणा बाईला उजेडाकडे तोंड करून बसवायची, भुवईला चुलीतली राख चोळायची, दोऱ्याचं एक टोक दातांत धरायची आणि दोन हातांत त्याची कात्री करायची. खर्र खर्र आवाज यायचा. फक्त खालून केस काढायची. वरच्या बाजूला दोरा नेलाच नाही कधी.

"वरचा केस देवाचा, खालचा माझा."

काम चालू असताना बाई रडली तरी चालायचं, बोललेलं चालायचं नाही. "शिंक येनार असंल तर आधी सांग. मागनं सांगशील तर अर्धी भुवई गेलेली असंल." काम झालं की आरसा लगेच द्यायची नाही. आधी खोबरेलाचं बोट फिरवायची, लाली उतरू द्यायची. "आत्ता बघशील तर मला शिव्या देशील. पानी शेंदून ये, मग बघ."

एकदा गिरणीत काम करणाऱ्या एकाची बायको मुंबईहून गावाला आली. तिच्याकडे सिनेमाच्या जाहिरातीचा कागद होता. त्यातल्या बाईच्या भुवया दोऱ्याएवढ्या. तिला तशाच हव्या होत्या.

सगुणाने कागद उलटा करून मागे काय छापलंय तेही बघितलं. वाचता येत नव्हतं तरी बघितलं. मग म्हणाली, "ही बाय भाताच्या लावनीला जाते काय?"

"मावशी, ती सिनेमातली हाय."

"तेच म्हनते. भुवई म्हंजे खारीचा बांध. घामाचं खारं पानी डोळ्यात उतरू नये म्हनून देवानं घातलाय. तू बांध बारीक करशील तर पानी कुठं जाईल?"

"तुला जमत न्हाय म्हन की."

"न्हाय जमत," सगुणा म्हणाली आणि पेटी बंद केली.

त्या बाईने नवऱ्याच्या वस्तऱ्याने स्वतःच्याच भुवया बारीक करून घेतल्या. आषाढात लावणीला उतरली. वाकलं की घाम सरळ डोळ्यात, पुसायला जावं तर हाताला चिखल. दुपारपर्यंत दोन्ही डोळे लाल आणि कपाळभर चिखल. सगुणा त्या दिवशी बांधावरून चालली होती. ती हसली नाही. टोपली उतरवली, एक फडकं काढलं आणि तिच्या कपाळाला घट्ट बांधून दिलं. "उगवेपर्यंत हे बांध. आन् सिनेमातल्या बायला निरोप धाड, म्हनावं एक दिस लावनीला ये."

रोजच्या नटण्याबद्दल तिची मतं पक्की होती. मुंबईहून लाँचने येणारे पुरुष बायकांना पावडरचे डबे आणायचे. सगुणाला पावडर आवडत नसे. "भिंतीला चुना देतात तो भिंत फुटली म्हनून. तुझं तोंड फुटलंय काय? लावायचीच तर मानेला लाव, घाम तरी शोषून घेईल." स्नोची बाटली तिला एकीने दाखवली तर तिने वास घेतला, बोटभर चोळून बघितलं आणि सांगितलं, "चांगला हाय. पर संपल्यावर काय करशील? रोज लावायचं ते रोजच्या घरात मिळालं पाहिजे." तिच्या मते बाईला चार गोष्टी पुरत. दुधावरची साय, खोबरेलाचं एक बोट, काजळ आणि कुंकवाखाली लावायचं मेण. मेण मात्र ती चांगलंच आणायची, पोळ्याचं, गाळलेलं. मेण वाईट असेल तर कुंकू दुपारी नाकावर येतं.

त्या पेटीतल्या तीन डब्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. एका डबीत कुंकवाचं मेण. दुसरीत डोळ्यातलं काजळ. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं उपडं घालून धरलेली काजळी, तुपात खललेली. डोळ्याला थंड, पण बोट लागलं की फासतं. तिसरी डबी तिची स्वतःची युक्ती. तीच काजळी, पण तुपाऐवजी वितळलेल्या मेणात घोटलेली. ती फक्त भुवयांसाठी. घामाने जात नाही, पाण्याने जात नाही, थुंकीने तर नाहीच. काढायला खोबरेल लागतं. ज्या बायकांच्या भुवया विरळ असत त्यांना ती तगरीच्या काडीने एकेक केस चितारल्यासारखं रेखून द्यायची. भरून टाकायची नाही. "भरली की चिकटवल्यासारखी दिसते. केसागनिक रेखावी."

सगुणा मानी होती. गावात खोतांचं घर मोठं. खोतीणबाईच्या भुवया ती दर महिन्याला मागच्या पडवीत कोरायची. एके दिवशी एक भुवई झाली, दुसरीला राख लावली आणि सगुणाने राखेचा हात पुसायला फडकं घेतलं. फडक्याशेजारी खोतीणबाईचा कुंकवाचा करंडा होता. खोतीणबाई ओरडली, "करंड्याला लागू नको गो! तुझा रांडमुंड हात!"

सगुणाने दोरा रिळाला गुंडाळला. रीळ पेटीत ठेवलं. पेटी बंद केली आणि चालू लागली. खोतीणबाईची एक भुवई चंद्रकोरीसारखी आणि दुसरी राख लावलेली, झुपकेदार. संध्याकाळी गडी बोलवायला गेला. सगुणाने निरोप दिला, "दुसरी सवाष्नीकडनं कोरून घ्या म्हनावं." सवाष्णींमध्ये ते येणारी एकही नव्हती. खोतीणबाई पुढचे तीन आठवडे देवळात आली नाही. पुढल्या महिन्यात तिने स्वतः पडवीत पाट मांडला आणि करंडा आत नेऊन ठेवला. सगुणा बसली, दोन्ही भुवया सारख्या केल्या. त्या गोष्टीचा उल्लेख दोघींनीही कधी केला नाही.

धंद्यातलं बाहेर बोलायचं नाही हा तिचा नियम. कोणाच्या हनुवटीला केस आहेत, कोणाला टक्कल पडतंय, कोणाच्या गालावर नवऱ्याच्या हाताचे वळ आहेत ते तिला गावोगावचं माहीत होतं. आम्हाला तिच्याकडून कधी काही कळलं नाही.

कमळीला देवी आल्या त्या साली बांधाला खांड गेली होती आणि खाडीचं पाणी शेतात आलं होतं. देवी टोचणारा गावात आला तेव्हा मला टोचलं. कमळी मामाकडे होती, ती राहिली. परत आली आणि आठ दिवसांत अंथरुणाला खिळली. आमच्या आळीत पाच जणांना आल्या. तिघं गेले. कमळी उठली, पण तोंडभर खड्डे आणि भुवयांच्या जागी काही नाही. ती माजघरातून बाहेर येईना. पाणी भरायला जाईना. आरसा आईने भाताच्या कणगीत लपवला होता.

सगुणा आली ती सरळ माजघराच्या दारात बसली.

"कमळे, तोंड दाखव."

"न्हाय."

"बरं. भुवया दाखव. तोंड ऱ्हाऊ दे तिथंच."

कमळीला हसू आलं असावं, कारण ती पुढे सरकली. सगुणाने तिला उजेडाकडे वळवलं, तिसरी डबी काढली आणि तगरीची काडी घेऊन कामाला लागली. कितीतरी वेळ लागला. कातडी खडबडीत, काडी अडकायची. मग तिने स्वतःचा आरसा दिला. कमळी बघत राहिली. मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "मावशी, उजवी जरा वर गेली."

सगुणा मोठ्याने हसली. परसात असलेल्या आईला हाक मारून म्हणाली, "वयनी, या! पोर वाचली तुमची!"

आईला कळलं नाही. पोर वाचून महिना झाला होता.

त्यानंतर सगुणा दर खेपेला डबी भरून द्यायची आणि कमळी रोज सकाळी स्वतःच भुवया रेखायची. दोन वर्षांत तिचा हात सगुणापेक्षा बरा झाला. ती पाण्याला जाऊ लागली, लावणीला जाऊ लागली. घाम आला तरी भुवई हलायची नाही.

मग ती पोयनाडची माणसं बघायला यायची ठरली. थोडे व्रण आहेत, एवढंच बापाने मध्यस्थाकडून कळवलं होतं. त्या सकाळी सगुणा गावात होती. कमळीने मला धाडून तिला बोलावलं, कारण त्या दिवशी तिला स्वतःच्या हाताचा भरवसा वाटेना. सगुणा परसात आली. आई दारातच आडवी झाली.

"सगुणे, वाईट वाटून घेऊ नको. आज शुभ काम हाय. आज तू हात लावू नको."

"बरं," सगुणा म्हणाली. "मी हितं विहिरीपाशी बसते. पर ही डबी घ्या. घरातलं काजळ लावू नका, ते उतरंल." तिने ताजी भरलेली डबी पायरीवर ठेवली.

आईने डबी उचलली नाही. विधवेच्या हातचं ताजं घोटलेलं त्या दिवशी पोरीच्या तोंडाला लावायचं नव्हतं. कमळीच्या जुन्या डबीतलं तरी कोणी घोटलं होतं? तेही सगुणानेच. पण आईच्या मनात जे बसलं ते बसलं. तिने भिंतीतल्या देवळीतलं घरचं काजळ घेतलं, तुपातलं, आणि स्वतःच्या बोटाने कमळीच्या भुवया भरल्या. कमळी म्हणाली, "आई, हे उतरंल गो." आई म्हणाली, "गप बस."

म्हणजे त्या बाईने अंगठा फिरवला तो आईच्या काजळावर. आणि सगुणाने दुसरी भुवई पुसायला पदर पाण्यात बुडवला, तेलात नाही. मेणाचं असतं तर पाण्याने निघालंच नसतं. तेव्हा तिला ओटीवर येण्याआधीच कळलं होतं की काजळ कोणाचं. ते कळूनच ती बाहेर आली आणि ते कळूनच तिने आईचं नाव वगळलं.

दुसरी गोष्ट मला खूप मागाहून कळली. अलिबागच्या बाजारात त्या पोयनाडच्या बाईची सून भेटली, तिने हसत हसत सांगितलं. बाईच्या ओठावर चांगल्या मिशा होत्या. त्या सगुणा दर महिन्याला गोठ्यात बसवून काढायची, आणि विरळ भुवयाही रेखून द्यायची. रंगवलेली भुवई असते हे बाईला ठाऊक होतं ते त्यामुळेच, म्हणून तर तिला कमळीच्या भुवयांचा संशय आला. त्या दिवशी ओटीवर सगुणाने एक वाक्य बोललं असतं तर अंगठा कोणाच्या तोंडावर फिरला असता ते सगळ्यांनी पाहिलं असतं. तिने ते वाक्य बोललं नाही.

बातमी तिच्यापुढे चालली. रंग लावून पोरी खपवणारी कासारीण, असं नाव झालं. दारं बंद झाली. बायका तिला बघून आत जायच्या. ती नेहमीच्या दिवशी नेहमीसारखी यायची, "काजळ, कुंकू, मेण, बांगड्यो" अशी हाळी द्यायची आणि कोणी हाक न मारता गावाच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडायची. आमच्या घरासमोर आली की हाळी बंद करायची. घर संपलं की पुन्हा सुरू.

कमळीची डबी संपली. त्या पावसाळ्यात ती भुवयांशिवाय लावणीला गेली, कपाळाला फडकं बांधून. आई तिच्या पुढच्या ओळीत लावत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

गौरी जवळ आल्या तशी गोठ्यांतून पुन्हा कुजबुज सुरू झाली. एकीने बोलावलं, मग दुसरीने. सगुणा गावच्या विहिरीपाशी दोरा ओढता ओढता म्हणाली ते मी ऐकलं, "लाज तीन महिने टिकते गो. भुवई तीन आठवड्यांत वाढते." सगळी दारं उघडली. आमचं तेवढं बंद राहिलं. बापाचा शब्द होता.

दिवाळीनंतर बाप खळ्यावर मळणी करत होता. सगुणा बांधावर येऊन उभी राहिली.

"दादा, दारात पाऊल ठेवत न्हाय. बांधावरनं बोलते. कमळीसाठी एक घर हाय."

"पुन्हा फसवायचं?"

"न्हाय. मी त्यांना सांगितलंय. देवीतून उठलेली हाय, भुवया न्हाईत, लावनीला दोघींचं काम करते. बघाया याल तर तोंड धुवून दाखवीन म्हटलंय. तरी येतो म्हनाले."

बापाने बैल थांबवले. मग म्हणाला, "येऊ देत."

मुलाची आई आली आणि मामा आला. बाई पायरी चढली तेव्हा आम्ही सगळेच बघत राहिलो. तिच्या तोंडावर कमळीपेक्षा जास्त खड्डे होते. एक डोळा बारीक झालेला. कमळी पाटावर बसली होती, नुकतं धुतलेलं तोंड, कपाळाचे केस ओले. बाईने तिला ना चालायला लावलं ना केस सोडायला. समोर बसली आणि विचारलं,

"कुठल्या सालची?"

"बांधाला खांड गेली त्या सालची," कमळीने उत्तर दिलं.

"मी त्याच्या आधीच्या साथीतली. घाम डोळ्यात जातो?"

"जातो."

"जानारच. मी फडकं बांधते." मग बाई बापाकडे वळली. "आमचं घर कौलारू न्हाय. पेंढ्याचं हाय. चालंल?"

ठरलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी चुडा भरायला सगुणाची जाऊ आली, रीतीप्रमाणे. चुडा भरून झाला. कमळी तशीच बसून राहिली. आईने देवळीतल्या काजळाकडे हात नेला तेव्हा ती म्हणाली, "भुवया मावशीच काढील. न्हायतर मी अशीच मांडवात जाईन. त्यांनी मला अशीच बघितली हाय."

माजघरात बायका भरलेल्या होत्या. सगळ्या आईकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता आई सांगेल. सगळ्यांसमोर सांगेल की त्या दिवशीचं काजळ माझं होतं. आईने तोंड उघडलं नाही. तिने भिंतीला टेकवलेला पाट उचलला, परसात गेली. सगुणा विहिरीपाशी बसली होती, लग्नाच्या दिवशीही तिथेच. आई तिला घेऊन आली, तिच्यासाठी माजघराच्या मधोमध पाट मांडला आणि म्हणाली, "बस."

कोणी एक बाई पुटपुटली, "वयनी, लग्नाच्या दिवशी..."

"भुवईला शास्त्र न्हाय," आई म्हणाली.

सगुणाने तगरीची काडी काढली. तिने डोळे वर केले नाहीत, काडी मात्र कमळीच्या कपाळाशी नेऊन जरा वेळ तशीच धरली. मग केसागनिक रेखायला लागली. झाल्यावर कमळीने आरसा घेतला. "उजवी बरोबर हाय," ती म्हणाली.

आई पुढे वीस वर्षं जगली. त्या दिवशीचं काजळ कोणाचं हे तिने बापाला कधी सांगितलं नाही. बाप सगुणाला फसवी समजतच गेला. मी आईला दोष देते, आणि तिने मांडलेला पाटही मोजते. मी स्वतः कुठे बोलले तेव्हा?

सगुणाला मी शेवटची पाहिली रेवसच्या धक्क्यावर. माझं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती, मुंबईला निघाले होते. लाँच लागलेली, माणसं चढत होती. ती टोपली शेजारी ठेवून एका खोक्यावर बसली होती. म्हातारी झाली होती. डोळ्यात पांढरं आलं होतं, रानटी भुवयाही पांढऱ्या. मी पाया पडले. तिने हनुवटीला धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि नुसतं बोट फिरवून बघितलं.

"डावी वाढल्ये गो. मुंबईला अशी जाशील?"

"मावशी, लाँच सुटंल."

"सुटू दे. बस."

मी बसले. तिने दोऱ्याचं टोक दातांत धरलं. पुन्हा भेट होईल न होईल असं वाटून मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी काजळ आईचं होतं. तुला कळलं होतं ना?"

दातांत दोरा. तिने हाताने खूण केली, हलू नको. दोन केस काढले, मग आणखी एक. भोंगा झाला. तिने दोरा सोडला, माझ्या भुवईवर अंगठा फिरवला, कोरडाच, आणि म्हणाली, "नीट झाली. जा आता."

मी फळीवरून चढले. वळून पाहिलं तेव्हा ती रिळाला दोरा गुंडाळत होती.

ती कधी गेली ते मला नक्की माहीत नाही. चौलला गेली एवढं कळलं. जावेने सगळं केलं म्हणतात.

कमळी नव्वदीला टेकली आहे. पेंढ्याचं घर कौलारू झालं, मग स्लॅबचं. ती अजून सकाळी तोंड धुतल्यावर मेण आणि काजळीची डबी काढते. डबी आता ती स्वतः घोटते. हात थरथरतो, म्हणून उजवी वर जाते, आणि तिला ते कळतं.

त्या दुपारी आमच्या घरात आम्ही आठजण होतो. ती बाई, तिचा नवरा, दीर, माझा बाप, आई, सगुणा, कमळी आणि मी. आता कमळी आहे आणि मी आहे.